जुन्या तबकड्यांचा शोध आणि त्यांचें मोल

आमच्या वर्धा जिल्ह्यांतील जुन्या घरांच्या माळ्यांवर, शिसवी कपाटांच्या तळच्या खणांत आणि आठवडी बाजाराच्या कडेस मांडलेल्या जुन्यापुराण्या सामानाच्या ढिगांत एक काळी, वाटोळी, चकचकीत वस्तु कधीं कधीं नजरेस पडते. घरांतील वृद्ध मंडळी तिला ‘प्लेट’ म्हणतात, पुस्तकांत तिला ध्वनिमुद्रिका हें भारदस्त नांव आहे, आणि चारचौघांत ती तबकडी म्हणून ओळखली जाते. ही तबकडी हातीं आली असतां तीन प्रकारचीं माणसें तीन निरनिराळे प्रश्न विचारतात. पहिला विचारतो, “हिचें वजन किती भरेल?” दुसरा विचारतो, “ही भिंतीवर टांगली तर शोभेल काय?” आणि तिसरा विचारतो, “हिच्यांत कोण गात आहे?” पहिल्या दोघांच्या हातून आजवर किती आवाज नाहींसे झाले असतील याची गणती नाहीं. तिसरा प्रश्न विचारूं इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांसाठीं व त्यांच्या पालकांसाठीं आम्ही हा लेख लिहीत आहों.

जुन्या तबकड्या धुंडाळण्याचा छंद अलीकडे पुन्हां जोर धरूं लागला आहे. जी वस्तु कालपर्यंत अडगळ म्हणून गणली जात होती, तिच्यासाठीं मोठ्या शहरांतील दुकानांत तरुण मंडळी ढीगच्या ढीग उपसतांना दिसतात. अमेरिकेंत तर २०२० सालीं तबकड्यांच्या विक्रीचें उत्पन्न कॉम्पॅक्ट डिस्कच्या उत्पन्नाहून अधिक झालें. तीस-पस्तीस वर्षांत असें प्रथमच घडलें. या छंदाचें मोठें आकर्षण असें कीं, त्यांत नशिबाचा भाग आहे. शंभर टाकाऊ तबकड्यांखालीं एखादें रत्न कवडीमोलानें सांपडतें. परंतु नशीब डोळस माणसाच्याच उपयोगी पडतें. ज्यास तबकडी वाचतां येत नाहीं त्याच्या हातांतून रत्न निसटतें, आणि खडा मात्र सोन्याच्या भावानें गळ्यांत पडतो. म्हणून तबकडी वाचावी कशी, आणि वाचतां आल्यावर वागावें कसें, या दोन गोष्टींचा विचार येथें करावयाचा आहे.

प्रथम ही वस्तु कशाची बनलेली आहे तें पाहूं. मिनिटास सुमारें ७८ फेरे घेणारी जुनी तबकडी मुख्यत्वेंकरून लाखेची असते. पळस, बोर, कुसुंब अशा झाडांच्या कोंवळ्या डहाळ्यांवर एक अतिशय बारीक कीटक वस्ती करतो. त्याच्या अंगांतून जो चिकट रस स्रवतो तो वाळला म्हणजे त्याचीच लाख होते. फाल्गुनांत आपल्या जिल्ह्यांतील माळरानें ज्या पळसाच्या फुलांनीं पेटल्यासारखीं दिसतात, त्याच जातीच्या झाडांवर पोसलेली लाख हिंदुस्थानांतून जहाजें भरून युरोप-अमेरिकेस जात असे. तेथील कारखानदार तींत दगडाची वस्त्रगाळ पूड, काजळी व थोडा कापसाचा तंतु मिसळीत, तें मिश्रण तापवून मऊ करीत, आणि धातूच्या ठशांमध्यें दाबून त्याची तबकडी काढीत. ठशांवर असलेली आवाजाची नागमोडी रेघ अशा रीतीनें तबकडीच्या अंगावर उमटे. लंडनच्या वा न्यूयॉर्कच्या दिवाणखान्यांत जें गाणें वाजे, त्याच्या बुडाशीं आपल्याकडील रानांत लाख गोळा करणाऱ्या गरीब माणसाची मेहनत होती, हें विद्यार्थ्यांनीं लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

या घडणीमुळेंच तबकडीचे गुण व दोष ठरले. ती कठीण असते, पण ठिसूळही असते. हातांतून निसटली कीं कांचेसारखी फुटते. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर सुमारें तीन मिनिटांचें गाणें मावे, बारा इंचीवर चार-साडेचार मिनिटांचें. मैफलींत जो गवई एकच राग तासभर आळवी, त्यास तोच राग येथें तीन मिनिटांत मांडावा लागे. फुटल्यावर हिला लोखंडा-पितळेप्रमाणें भंगारांतही भाव नाहीं, कारण ती वितळवून कोणी पुन्हां वापरीत नाहीं. पूर्वीं मात्र तसें घडलें आहे. दुसऱ्या महायुद्धांत, १९४२ सालीं, लाखेचा पुरवठा अडल्यामुळें अमेरिकेच्या सरकारनें तबकड्यांसाठीं लाख वापरण्यावर कडक निर्बंध घातले. तेव्हां नवी तबकडी घेणाऱ्या ग्राहकांकडून जुन्या तबकड्या परत मागण्यांत येऊं लागल्या, व त्या दळून नव्यांत मिसळण्यांत येऊं लागल्या. एका गायकाचा आवाज दळून दुसऱ्याच्या आवाजासाठीं जागा करावी, असा तो काळ होता. कित्येक जुन्या तबकड्या दुर्मिळ होण्याचें हें एक कारण आहे.

आतां कालक्रम पाहूं, कारण तबकडीचें वय ओळखतां येणें ही या छंदाची पहिली पायरी होय. एडिसननें १८७७ सालीं आवाज टिपला तो फिरत्या नळकांड्यावर. सपाट तबकडीचें यंत्र एमिल बर्लिनर यानें १८८७ सालीं पुढें आणलें. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग हा १९०२ सालीं कलकत्त्यास आला आणि त्यानें गौहर जान प्रभृति कलावंतांचे आवाज टिपून नेले. त्या तबकड्या जर्मनींतील हॅनोव्हर शहरीं छापल्या जात. दूरदेशींच्या कारागिरांस गाणाऱ्याची ओळख पटावी म्हणून गाणें संपतांच गायक आपलें नांव मोठ्यानें उच्चारी. गौहर जान हिनें इंग्रजींत सांगितलेलें आपलें नांव आजही त्या तबकड्यांवर ऐकूं येतें. म्हणून एखाद्या तबकडीच्या अखेरीस असा नांवाचा पुकार कानीं पडला तर तें ध्वनिमुद्रण फार जुनें असण्याचा संभव असतो. आरंभींच्या तबकड्यांची एकच बाजू कोरलेली असे व दुसरी सपाट राही; तीही त्या काळाची एक खूण आहे. १९०८ सालीं कलकत्त्यास सियालदा येथें तबकड्यांचा कारखाना निघाला, आणि मग हा माल देशांतच तयार होऊं लागला.

१९२५ पर्यंत तबकडीच्या कामांत मायक्रोफोन नव्हता. गायकानें मोठ्या कर्ण्याच्या तोंडाशीं जाऊन जोरानें गावें, आणि त्या आवाजाच्या धक्क्यानेंच मेणावर रेघ उमटावी, अशी पद्धत होती. त्यानंतर विजेच्या साह्यानें ध्वनिमुद्रण होऊं लागलें, आणि हलका स्वर, तंबोऱ्याचा झंकार, श्वासाची थरथर हीं सर्व तबकडींत उतरूं लागलीं. १९४८ सालीं अमेरिकेंत व्हिनिल नांवाच्या प्लास्टिकची, मिनिटास ३३⅓ फेरे घेणारी व एका बाजूस वीस मिनिटांहून अधिक वाजणारी ‘लाँग प्ले’ तबकडी निघाली. ती आपल्याकडे रुळल्यावर लाखेची तबकडी मागें पडली व १९७० च्या सुमारास तिचा काळ संपला. पुढें कॅसेट आली, मग कॉम्पॅक्ट डिस्क आली, आणि आतां तर गाणें हातांतल्या फोनांतच असतें. मुंबईच्या काळा घोडा भागांतील ‘ऱ्हिदम हाउस’ हें नांवाजलेलें दुकानही २०१६ सालीं बंद झालें. नव्या मालाचीं दुकानें अशीं मिटत गेलीं आणि जुन्या मालाचा शोध मात्र वाढत गेला, हा काळाचा विनोदच म्हणावयाचा.

तबकडीच्या मध्यभागीं चिकटविलेला वाटोळा कागद म्हणजे तिचें जन्मपत्रच होय. त्यावर कंपनीचें नांव, गायकाचें नांव, गीताचे पहिले शब्द, कधीं राग, कधीं नाटकाचें नांव, आणि विक्रीचा क्रमांक छापलेला असतो. कर्ण्यापुढें बसलेल्या कुत्र्याचें चित्र असलेली ‘हिज मास्टर्स व्हॉइस’ सर्वांच्या ओळखीची आहे. तिच्याखेरीज ओडियन, कोलंबिया, कलकत्त्याची ‘हिंदुस्थान’, मुंबईची ‘यंग इंडिया’ हीं नांवेंही शोधकानें ओळखीचीं करून घ्यावीं. परंतु केवळ कागदावर विसंबूं नये. हा कागद आणि नागमोडी रेघा यांच्यामध्यें जी गुळगुळीत पट्टी असते तींत दुसरा एक क्रमांक बारीक अक्षरांत दाबलेला असतो. हा ठशाचा क्रमांक. कागदावरचा क्रमांक दुकानदाराच्या सोयीसाठीं असतो. ठशाचा क्रमांक मूळ ध्वनिमुद्रणाशीं बांधलेला असतो. एकच गाणें पुढें निराळ्या कागदाखालीं व निराळ्या विक्रीक्रमांकानें पुन्हां बाजारांत येई. अशा वेळीं आपल्या संग्रहीं असलेलेंच गाणें आपण दुसऱ्यांदा विकत घेत आहों काय, हें ठशाचा क्रमांक ताडून पाहिल्यानें कळतें. एक भिंग आणि एक लहानशी वही, एवढीं दोन साधनें खिशांत असलीं म्हणजे शोधकाचें अर्धें काम झालें.

नवखा शोधक बहुधा फसतो तो एका समजुतीनें. त्याला वाटतें, प्रसिद्ध गायकाची तबकडी म्हणजे दुर्मिळ तबकडी. खरी स्थिति पुष्कळदां याच्या उलट असते. बालगंधर्वांचीं नाट्यगीतें महाराष्ट्रांत इतकीं लोकप्रिय झालीं कीं त्यांच्या तबकड्या अजूनही जुन्या बाजारांत दृष्टीस पडतात. जी वस्तु हजारों घरांत गेली, तिच्यांतील कांहीं तरी वांचणारच. जी खपली नाहीं तीच हल्लीं मिळत नाहीं. अल्पायुषी कंपनीनें काढलेली, विस्मृत कीर्तनकाराची वा जिल्ह्याबाहेर नांव न गेलेल्या नटाची तबकडी हीच खरी दुर्मिळ. तबकडीचा बाजारभाव तीन गोष्टींवर ठरतो : ती किती शिल्लक आहे, ती किती लोकांस हवी आहे, आणि तिची अवस्था कशी आहे. या तिहींपैकीं एक जरी गोष्ट लंगडी पडली तरी भाव उतरतो.

पण भाव आणि मोल हे दोन शब्द एकाच अर्थाचे नाहींत. वऱ्हाडांतील मेहकरचे कवि ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता जी. एन्. जोशी यांनीं १९३० नंतरच्या दशकांत तबकडीवर गाइली. ती घरोघर वाजली, आणि मराठी भावगीताच्या लोकप्रियतेस तिनें मोठा हातभार लावला. रंगभूमीच्या आधारावांचून एक कविता केवळ तबकडीच्या बळावर लोकांच्या ओठीं बसली, ही त्या काळीं नवी गोष्ट होती. पुष्कळ खपलेली म्हणून अशी तबकडी एखादे वेळीं थोड्या पैशांत मिळेलही. परंतु तीं तीन मिनिटें हातीं धरणें म्हणजे मराठी गाण्याच्या एका नव्या वाटेचा आरंभ हातीं धरणें होय. बाजार हें मोल जाणत नाहीं. तें आपण जाणावयाचें असतें.

वर्ध्याशीं संबंध असलेलें आणखी एक उदाहरण देतों. १९३१ सालीं गोलमेज परिषदेसाठीं महात्मा गांधी लंडनला गेले असतां कोलंबिया कंपनीनें त्यांचें ईश्वरविषयक भाषण टिपून घेतलें. इंग्रजींतील हें भाषण सुमारें सहा मिनिटांचें असून तबकडीच्या दोन बाजूंवर विभागलेलें आहे. पुढें १९३४ सालीं गांधीजी वर्ध्यास आले, आणि १९३६ पासून सेगांव, म्हणजेच पुढचें सेवाग्राम, हें त्यांचें निवासस्थान झालें. आतां आपल्या गांवीं कोणी विक्रेता ही तबकडी पुढें करून “ही खास आश्रमांतील बरें का” असें म्हणाला, तर नवखा ग्राहक तिचे दसपट पैसे देण्यास तयार होईल. शोधकानें येथें मन आवरावें. तबकडी ही एक वस्तु आणि तिची कथा ही दुसरी वस्तु. तबकडीची परीक्षा डोळ्यांनीं व कानांनीं होते. कथेची परीक्षा पुराव्यानें होते. जुनें पत्र, शिक्का, पावती, छायाचित्र असें कांहीं असेल तर कथेचे पैसे द्यावेत, नसेल तर तबकडीचेच द्यावेत. पुराव्यावांचून सांगितलेली गोष्ट आपण दुसऱ्यास सांगूं लागलों, तर पैशाबरोबर इतिहासाचीही हानि होते.

यंत्र घेतांना तर अधिकच सावध राहावें. नवीन लांकडी पेटी, नवीन पितळी कर्णा आणि कोठल्या तरी मोडक्या यंत्राचे सुटे भाग एकत्र जोडून तो ‘पुरातन’ ग्रामोफोन म्हणून विकण्याचा धंदा सर्वत्र चालतो. पेटीवर त्या प्रसिद्ध कुत्र्याचें चित्रही चिकटविलेलें असतें. नांव सोनूबाई आणि हातीं कथलाचा वाळा! कर्णा जितका अधिक झगझगीत तितकी शंका अधिक घ्यावी.

आतां शोध करावा कोठें? मुंबईचा चोरबाजार आणि पुण्याचा जुना बाजार हीं ठिकाणें प्रसिद्धच आहेत. तेथें माल पुष्कळ असतो, परंतु विक्रेतेही जाणते असतात. खरें स्वस्त तेथें क्वचितच मिळतें. लहान गांवची गोष्ट निराळी आहे. वर्धा हें लोहमार्गावरील जंक्शन व कापसाची पेठ. हिंगणघाट व पुलगांव येथें कापडाच्या गिरण्या निघाल्या. व्यापारी, वकील, मालगुजार, रेल्वेचे नोकर अशा लोकांच्या वस्तीमुळें चावीचा ग्रामोफोन ज्यांस परवडे अशीं घरें या भागांत होतीं. त्या घरांच्या वांटण्या झाल्या, जुने वाडे पडले, आणि आंतील सामान जुन्या फर्निचरच्या दुकानांत, रद्दीवाल्यांकडे, भंगाराच्या वखारींत व रेडिओदुरुस्तीच्या दुकानांच्या फळ्यांवर जाऊन पडलें. अशा ठिकाणीं विद्यार्थ्यांनीं वडील माणसांबरोबर जावें, दुकानदारास विचारून मगच ढिगास हात लावावा, तबकडी दोन्ही हातांनीं कडेस धरून उचलावी, आणि पाहून झाल्यावर ढीग होता त्याहून नीट लावून ठेवावा. ज्या दुकानांत आपण नम्रतेनें वागलों, तो दुकानदार पुढच्या खेपेस आपण होऊन हांक मारतो, असा आमचा अनुभव आहे.

घेण्यापूर्वीं तबकडी उजेडांत तिरपी धरावी. पृष्ठभाग काळाभोर व तकतकीत असेल तर ती फारशी वाजलेली नाहीं. करडा व निस्तेज झाला असेल तर पोलादी पिनांनीं तिच्या रेघा खाल्ल्या आहेत असें समजावें. कडेस लहानसा टवका उडाला असेल, पण तो रेघांपर्यंत पोंचला नसेल, तर ऐकण्यास बाध येत नाहीं. बारीक चीर मात्र कडेपासून आंत गेली असेल तर दर फेऱ्यास “टक्” असा आवाज होतो, म्हणजे मिनिटास सुमारें ७८ वेळां. तरीही दुर्मिळ तबकडी चिरली म्हणून टाकूं नये. चिरलेल्या आवाजापेक्षां नाहींसा झालेला आवाज अधिक वाईट. तबकडीवर कागदी पाकीट असेल तर त्यावरही नजर टाकावी. विकणाऱ्या दुकानाचा शिक्का, मालकाची सही, भेटीची तारीख अशा खुणा तेथें सांपडतात, आणि त्यांवरून ती आपल्याकडे कोणत्या वाटेनें आली हें कळतें.

यानंतर भावाचा प्रश्न येतो, आणि आमच्या मतें या छंदाची खरी परीक्षा येथेंच होते. कोणी म्हणेल, “विक्रेत्यानें भाव सांगितला, आम्हीं दिला, यांत अन्याय तो कोणता?” ज्याचा जुन्या वस्तूंचा धंदाच आहे त्याच्याशीं व्यवहार करतांना हें म्हणणें बऱ्याच अंशीं बरोबर आहे. त्यानें वस्तु नफ्यासाठीं आणली आहे, चौकशी करण्याची संधि त्यालाही आहे, आणि आपण अभ्यासानें मिळविलेल्या ज्ञानाचें फळ आपणांस मिळालें तर त्यांत गैर कांहीं नाहीं. परंतु समजा, एखाद्या घरीं आजोबा वारले, घर रिकामें करावयाचें आहे, आणि आजीबाई तबकड्यांची पेटी दाराशीं ठेवून “काय द्यायचें तें द्या” असें म्हणत आहेत. तेथें आपण जाणते व त्या अजाण, हा फरक धंद्याचा राहत नाहीं, विश्वासाचा होतो. अशा ठिकाणीं आधीं खरें सांगावें आणि मग भाव करावा. “आजी, या पेटींतील या चार तबकड्या मोलाच्या आहेत, बाकीच्यांस बाजारांत फारशी किंमत नाहीं,” एवढें सांगण्यास धैर्य लागत नाहीं, फक्त लोभ बाजूस सारावा लागतो. कदाचित् तें ऐकून त्या तबकड्या त्या विकणारही नाहींत. मग आपला सौदा हुकला, पण तबकड्या वांचल्या. आणि शोधकाचा मूळ हेतु तबकड्या वांचविणें हाच असेल तर त्याचें कांहींच हुकलें नाहीं. खरेदी झालीच, तर तें गाणें फोनवर उतरवून त्याची प्रत त्या घरीं पोंचवावी. वस्तूचे पैसे होतात. घरांतल्या आवडीच्या गाण्याचे होत नाहींत.

मिळालेली तबकडी टिकविणें हें पुढचें काम. वर्ध्याचा उन्हाळा प्रखर असतो. पारा ४५ अंशांच्या वर जातो. पत्र्याच्या छपराखालीं किंवा उन्हाच्या खिडकीशीं ठेवलेली तबकडी, मग ती लाखेची असो वा व्हिनिलची, वांकडी होते. तबकड्या पुस्तकांप्रमाणें उभ्या व एकमेकींस टेकून ठेवाव्यात. एकीवर एक आडव्या रचूं नयेत. पावसाळ्यांत पाकिटांस बुरशी लागते, म्हणून त्या कोरड्या जागीं ठेवाव्यात. धूळ मऊ फडक्यानें रेघांच्या दिशेनें पुसावी. मळ फार असेल तर थंड पाण्यांत साध्या साबणाचा एखादा थेंब टाकून फडकें ओलें करावें, व मधल्या कागदास पाणी लागूं देऊं नये. लाखेच्या तबकडीस स्पिरिट कधींही लावूं नये, कारण लाख स्पिरिटांत विरघळते. सफाईच्या नादांत गाणेंच पुसलें जातें. चावीच्या यंत्राची पोलादी पिन दर बाजूस बदलावी, आणि ती व्हिनिलच्या तबकडीवर तर कधींच ठेवूं नये. विजेच्या यंत्रावर ७८ फेऱ्यांची तबकडी लावावयाची असेल तर तिला लाँग प्लेच्या सुईहून सुमारें तिप्पट रुंद टोंकाची सुई लागते. चुकीच्या सुईनें आवाजही वाईट येतो आणि रेघही बिघडते.

तबकडींत केवळ गाणींच असतात असेंही नाहीं. सर जॉर्ज ग्रियर्सन यांच्या भाषापाहणीच्या निमित्तानें १९१३ ते १९२९ या काळांत हिंदुस्थानांतील अनेक भाषांचे व बोलींचे नमुने तबकड्यांवर घेण्यांत आले. उधळ्या पुत्राची गोष्ट आपापल्या बोलींत सांगावी, अशी योजना होती. एकच गोष्ट सर्वांनीं सांगितली म्हणजे बोली-बोलींतील भेद स्पष्ट दिसतात. शंभर वर्षांपूर्वींचीं तीं माणसें कशीं बोलत, हें आज शिकागो विद्यापीठाच्या डिजिटल संग्रहांतून कोणासही ऐकतां येतें. त्या तबकड्या कोणीं जपल्या नसत्या तर हें बोलणें कायमचें मुकें झालें असतें. आपल्याकडील भाषणें, कीर्तनें, नकला, नाटकांतील प्रवेश यांच्याही तबकड्या निघत. तेव्हां गायकाचें नांव ओळखीचें नाहीं म्हणून तबकडी बाजूस सारूं नये. कागदावर काय लिहिलें आहे तें आधीं वाचावें.

विद्यार्थ्यांस हा छंद पैशावांचूनही करतां येतो. वही करावी, तींत कंपनी, दोन्ही क्रमांक, गायक, गीत, भाषा, अवस्था आणि तबकडी कोणाच्या घरीं आहे, असे रकाने आंखावे. शेजारीपाजारीं जाऊन तबकड्या पाहाव्या, विकत न घेतां नुसती नोंद करावी, आणि त्या घरच्या वृद्ध माणसांस विचारावें कीं, ही कोणीं आणली, केव्हां वाजत असे, ऐकावयास कोण कोण जमत. मुंबईंत १९९० सालीं ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही संस्था निघाली व तिनें आपल्या नियतकालिकांतून तबकड्यांच्या याद्या व माहिती प्रसिद्ध केली. तें मोठ्या शहरांतील कार्य झालें. पण आर्वी, देवळी, हिंगणघाट, सेलू येथील घरांतून काय शिल्लक आहे याची यादी तेथें राहणाऱ्या मुलांनींच करावी लागेल.

पालकांसही आमची एक विनंति आहे. दिवाळीच्या साफसफाईंत किंवा घर बदलतांना तबकड्यांची पेटी निघाली, तर ती विकण्यापूर्वीं वा टाकण्यापूर्वीं एकदां ऐकावी. यंत्र घरीं नसेल तर ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे न्यावी. तें जमत नसेल तर निदान प्रत्येक तबकडीच्या कागदाचें छायाचित्र काढून ठेवावें. ऐकून झाल्यावर विकावीशी वाटली तर खुशाल विकावी. तेव्हां आपण काय विकत आहों हें आपणांस ठाऊक असेल, आणि घेणाऱ्यासही तें सांगतां येईल. दोन्ही बाजूंस ठाऊक असून झालेला सौदा हाच खरा स्वस्त सौदा, कारण त्यांत कोणाचेंच नुकसान झालेलें नसतें.